आबांच्या नावाची गोळी

गिरणी मला कधीच आवडली नाही, आणि हे मी तिथे असतानाही लपवलं नाही. तरी तिथे अकरा वर्षं काढली. त्यातली शेवटची सहा एका पांढऱ्या, शर्टाच्या बटणाएवढ्या गोळीपायी. लोक विचारतात, एवढी नकोशी होती तर सोडली का नाहीस? मी "जमलं नाही" म्हणतो आणि विषय बदलतो. माझा स्वभाव तापट आहे. समजावून सांगत बसलो की माझा आवाज चढतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, ह्याचं भांडण माझ्याशीच आहे.

आबा म्हणजे माझे वडील. साक्रीकडच्या एका कोरडवाहू गावातून विशीत धुळ्याला आले आणि गिरणीच्या ब्लोरूमला लागले. कापसाच्या गाठी फोडायच्या, कापूस पिंजणाऱ्या यंत्रात घालायचा, असं ते खातं. तिथे धूळ इतकी, की पाळी सुटल्यावर बाहेर येणाऱ्या माणसांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. गिरणीच्या नळावर तोंड धुतलं की भुवया काळ्या व्हायच्या. छातीत गेलेली धूळ मात्र धुता येत नव्हती. तीस वर्षांनी आबा निवृत्त झाले तेव्हा हार मिळाला, नारळ मिळाला आणि दमा तर आधीच मिळाला होता.

कामगारांसाठी सरकारची विम्याची योजना होती. पगारातून दरमहा थोडं कापायचे, आणि त्याच्या बदल्यात विम्याच्या दवाखान्यात डॉक्टर तपासायचे, औषध द्यायचे. पण कार्ड चालायचं ते नोकरी असेपर्यंत. धडधाकट असताना आबांनी कधी त्या दवाखान्याची पायरी चढली नाही, आणि पायरी चढायची वेळ आली तेव्हा कार्ड संपलं. ज्याने हा नियम केला त्याला एकदा तरी पिंजणाऱ्या यंत्रासमोर उभं करायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

आबांचं नशीब एवढंच, की मी तोवर साचेखात्यात, म्हणजे मागांवर, लागलो होतो. कामगाराच्या आश्रित आईवडिलांना त्याच्या कार्डावर औषध मिळायचं. मी फॉर्म भरला, आबांचं नाव चढवलं. कारकुनाने "आश्रित" हा शब्द मोठ्याने वाचला आणि आबांचं तोंड कडू झालं.

"हाऊ पोऱ्या मना आश्रित व्हता," ते कारकुनाला म्हणाले, "आते मी याना आश्रित?"

कारकून म्हणाला, "अंगठा करता की सही?" आबांनी ठसठशीत सही केली.

दवाखान्यासमोर कडुनिंब होता आणि त्याखाली सिमेंटचं बाकडं. आबांचं निवृत्तीनंतरचं आयुष्य त्या बाकड्यावरच गेलं म्हणा. चार-पाच म्हातारे रोज सकाळी तिथे जमायचे, प्रत्येकाच्या पिशवीत घरून आणलेली रिकामी बाटली, तोंडाला कागदाचा बोळा. आणि सरकारी औषधावर जे काही बोलणं चालायचं! एक जुना जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, म्हणायचा, गुलाबी औषधात दम आहे, पांढरं म्हणजे नुसतं खडूचं पाणी. दुसऱ्याचं म्हणणं, गोळी कडू लागत नाही तेव्हा तिच्यात काही घातलेलंच नसणार. तिसऱ्याला खात्री होती की सोमवारी औषध दाट असतं आणि शनिवारपर्यंत पातळ होत जातं, त्यामुळे तो सोमवार कधी चुकवायचा नाही. एवढी नावं ठेवायचे, पण कंपाउंडरने खिडकी उघडली की सगळे बाटल्या घेऊन पहिला नंबर लावायला धावायचे. दम्याचे म्हातारे, पण तेवढी पंधरा पावलं तरण्यासारखी टाकायचे.

आबांचं मत वेगळं होतं. औषध चांगलं की वाईट यात ते पडायचेच नाहीत. "आमना पगारमाईन कापेल शे," ते म्हणायचे. "उपकार नई कोनाना." कापलेलं वसूल झालं पाहिजे, एवढाच त्यांचा मुद्दा. त्यासाठी ते डॉक्टरांनी दिलेलं काहीही प्यायला तयार असत.

त्या बाकड्यावर एकच माणूस बाटलीशिवाय यायचा. ते नाना, आबांचे जोडीदार. ब्लोरूममध्ये जोडीने काम असायचं. गाठ दोघांनी उचलायची, एकाने फोडायची, दुसऱ्याने घालायची, एकाला ढास लागली की दुसऱ्याने दोघांचं काम ओढायचं. आबा आणि नाना अशी जोडी तीस वर्षं टिकली. भाकरी एका फडक्यात, विडी एका काडीवर. निवृत्तही दोघे एकाच वर्षी झाले. दमाही दोघांना सारखाच. फरक एवढाच, की नानांची बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं, आणि पांझरेकाठच्या एका खोलीत ते एकटे राहायचे. म्हणजे कार्डावर नाव चढवायला त्यांच्याकडे कोणी नव्हतं.

सिव्हिलमध्ये जाऊन पाहिलं होतं त्यांनी. तिथे बाटलीभर औषध मिळालं आणि गोळीची चिठ्ठी मिळाली, ती बाहेरून विकत आणायची. एक महिना आणली. मग थांबवली.

एकदा मी आबांना न्यायला गेलो तेव्हा बाकड्यावर वाद रंगला होता. नानांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "ज्याना पोऱ्या गिरनीमा शे, त्यालेच दमा व्हस का?"

जॉबर उगाच बाटलीचा बोळा घट्ट करत बसला.

त्याच सुमारास भुसावळजवळ दीपनगरचं वीजघर सुरू झालं होतं. मी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन वायरमनची परीक्षा दिली होती. मागांच्या खडखडाटातून सुटायचा तेवढाच एक रस्ता मला दिसत होता. अर्ज केला आणि बोलावणं आलं. माझी बायको यावलकडची, केळीच्या मळ्यात वाढलेली. धुळ्याची दोन घागरींची पाणीटंचाई आणि गिरणीचा भोंगा दोन्ही तिला सारखेच छळायचे. तिने दीपनगरच्या वसाहतीतला नळ मनातल्या मनात उघडूनही पाहिला असेल.

मी जाऊन चौकशी केली. तिथल्या बाबूने सांगितलं, सुरुवातीला रोजंदारी. घरच्यांचं औषधपाणी कायम झाल्यावर. कायम कधी होणार, असं विचारल्यावर त्याने छताकडे पाहिलं.

घरी येऊन आबांना विचारलं, "काय करू?"

"तुनं तू दख," ते म्हणाले आणि खोकायला लागले. खोकला खरा होता, पण त्या वेळी मला तो उत्तरासारखा वाटला आणि मी चिडलो. विम्याच्या डॉक्टरांना विचारलं. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, "ही गोळी बंद करू नका. बंद केली तर हिवाळा काढणार नाहीत." आता बोला. मी गेलो असतो तर कार्ड जाणार होतं, कार्ड गेलं तर गोळी, आणि गोळी गेली तर आबा. विकत आणू म्हटलं तर रोजंदारीत घर चालवायचं की औषधाचं दुकान? मी पुरता कात्रीत सापडलो. हजर व्हायची तारीख आली आणि गेली. त्या दिवशी मी पहिल्या पाळीला मागांवर उभा होतो आणि धागा तुटला की मागाला शिव्या घालत होतो. बायको आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. जे काही सांगायचं ते तिने भांड्यांच्या आवाजातून सांगितलं.

आबाही सुटले नव्हते. त्यांना गावी जाऊन राहायचं होतं. तिथल्या हवेत छाती मोकळी होते म्हणायचे, आणि ते खरंच होतं. पण कार्ड ह्याच दवाखान्याचं, गोळ्या मिळायच्या पंधरा दिवसांच्या. बारा-तेरा दिवस गावी राहायचे आणि गोळ्या संपत आल्या की एसटीने धुळ्याला परत. ज्या धुळीने दमा दिला त्या धुळीजवळच त्याचं औषध ठेवलेलं होतं. मी त्यांच्यासाठी अडकलो होतो आणि ते गोळीसाठी, आणि आम्ही दोघं एकमेकांवर डाफरत दिवस काढत होतो.

वर्षभराने दीपनगरहून पुन्हा निरोप आला. तिथल्या एका फोरमनशी ओळख झाली होती. जागा आहे, ये म्हणाला. मी पुन्हा विचारात पडलो. आणि त्याच आठवड्यात, पाळी सुटल्यावर दवाखान्याच्या गल्लीतून येताना, मला ते दिसलं.

बाकड्यावर आबा आणि नाना दोघेच होते. आबांनी मांडीवर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि अडकित्त्याने गोळी कातरत होते. सुपारी कातरावी तशी, बरोब्बर मधोमध. अर्धी नानांच्या हातावर ठेवली, अर्धी आपल्या तोंडात टाकली. आबा तांब्यातलं पाणी प्याले, नानांनी गोळी तोंडात टाकून त्याच तांब्यासाठी हात पुढे केला. कागदावर आणखी अर्धुकं मांडून ठेवलेली होती, पंधरा दिवसांची वाटणी झालेली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या गोळीसाठी मी माझं सगळं मागे टाकलं होतं, बायकोची नाराजी पदरात घेतली होती, आणि हे निम्मी गोळी बाहेर वाटत होते! मी भर रस्त्यात ओरडलो. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. "माझा जन्म वाटताय तुम्ही, गोळी नाही," एवढं आठवतं, कारण ते बोलल्यावर मलाच ते जरा जास्त वाटलं होतं.

आबांनी अडकित्ता मिटला. त्यांना राग आलेला दिसत नव्हता. मलाच साधी गोष्ट कळत नाही याचं नवल वाटल्यासारखं दिसत होतं.

"तीस वरीस संगे धूय खादी," ते म्हणाले. "दमा एकच शे, दोन्हीसमा वाटाई गया. मंग गोयी वाटानी नई का?"

आबांचा खरोखर तसा हिशेब होता. गाठ दोघांनी उचलली, धूळ दोघांनी खाल्ली, तेव्हा आजार हा एक जिन्नस आणि तो दोघांच्या सामाईकीतला. त्यावरचं औषधही सामाईकच. अर्धी गोळी म्हणजे कमी औषध, हे त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं. जोडीतल्या दोघांनी अर्धं अर्धं घेतलं की पुरं झालं, असं ते समजून चालले होते.

पण त्या दिवशीचं मला जे विसरता येत नाही ते नानांचं. मी ओरडत असताना ते उठून उभे राहिले. तोंडातली अर्धी गोळी अजून विरघळली नव्हती. ती त्यांनी जिभेवरून काढून तळहातावर घेतली आणि हात माझ्यापुढे केला.

"ले भाऊ," ते म्हणाले. "तुनी शे."

ओली, कडा झिजलेली अर्धी गोळी. मी मागे सरलो आणि घरी निघून गेलो. इतका ओशाळलो होतो की रस्त्यात एका सायकलवाल्याशी विनाकारण भांडलो.

दोन दिवस आबा माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी एकटाच डॉक्टरांकडे गेलो आणि विचारलं, अर्ध्या गोळीवर भागतं का? ते म्हणाले, "अर्धीनं कुणाचंच भागत नाही. का, वडील अर्धीच घेतात?"

मी खरं सांगायला गेलो होतो. आबांना दम द्या, पुरी गोळी घ्यायला लावा, असं सांगणार होतो. पण तोंडून निघालं ते भलतंच. मी म्हणालो, "नाही, पुरी घेतात. पण पहाटे फार धाप लागते. पुरत नाही असं वाटतं."

डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि दिवसाच्या दोनाच्या चार गोळ्या लिहून दिल्या. कंपाउंडरने मोजून पुडी बांधली. मी ती आबांच्या हातात दिली आणि म्हणालो, आता कातरायची गरज नाही. आबांनी पुडीचं वजन हातावर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ती पैरणीच्या खिशात टाकली. त्या संध्याकाळी त्यांनी मला स्वतःच्या हाताने चहा दिला. आमच्या घरात एवढ्याने समेट व्हायचा.

म्हणजे वाटणी मोडायला गेलेला मी तिसरा भागीदार होऊन आलो. दीपनगरची ती जागाही गेली. बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. ती म्हणाली, "आता दोन म्हाताऱ्यांची गिरणी चालवा तुम्ही," आणि परातीत इतक्या जोराने मुठी हाणल्या की मी बाहेर जाऊन बसलो. तिची काही चूक नव्हती. माझीही नव्हती. आबांची नव्हती, नानांची तर नव्हतीच. चूक कुणाची हे सापडत नाही तेव्हा माणूस जास्त घुसमटतो, हे मला त्या दिवसांत कळलं. साचेखात्यात चारशे माग एकदम चालायचे, कान बधिर व्हायचे, आणि मी त्या आवाजात रोज तेच ते वाक्य म्हणायचो: जाऊ कसा? ऐकू कुणालाच जायचं नाही.

पुढच्या हिवाळ्यात आबा गेले. सकाळी उन्हात खाट टाकून बसले होते, लहान मुलाच्या हातून पाणी मागवावं तसं मला हाक मारून पाणी मागितलं, मी आणलं तोवर मान कलली होती. चार गोळ्या लिहून मिळाल्यापासून ते आणि नाना दोघेही पुरी मात्रा घेत होते. पण नंतर कळलं की त्याआधीचं वर्षभर ते अर्धीवर होते, आणि त्या वर्षाने त्यांचं किती आयुष्य खाल्लं हा विचार मला छळतो. नानांवर त्याचा राग धरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. जमला नाही.

एक गोष्ट सांगायला हवी, लाज वाटली तरी. मी आबांसाठी खूप रडलो, मनापासून रडलो. आणि रडता रडताच आत कुठेतरी कडी निघाल्यासारखं वाटलं. आता जाता येईल. तेराव्यानंतर बायकोने पेटीतून माझं वायरमनचं प्रमाणपत्र काढलं, पुसलं आणि फळीवर ठेवलं. फोरमनला मी पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं, महिन्याच्या आत या.

गिरणी सोडण्याआधी कार्डावरचं आबांचं नाव काढायला मी दवाखान्यात गेलो. दुपार होती. बाकडं रिकामं असेल असं वाटलं होतं. नाना एकटे बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, दम्याची माणसं बसतात तसे पुढे वाकून. छातीची शिट्टी मला रस्त्यावरून ऐकू आली. गोळ्या संपून आठवडा तरी झाला असणार. तेराव्याला ते आमच्या घरी जेवून गेले होते. गोळीचं नावही काढलं नव्हतं.

"नाव काढाले उना का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"बरं शे," ते दोन श्वासांत म्हणाले. "मरेल मानूसना नावनी गोयी खावानी नई."

मी आत गेलो. जुने डॉक्टर बदलून गेले होते. खुर्चीवर एक तरुण डॉक्टर होते, नवे, कामाला चोख. मी कार्ड पुढे केलं. बोलायला तोंड उघडलं, तोवर त्यांनीच आबांचा कागद काढून वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"चार गोळ्या? आणि महिनाभर कुणी आलेलं नाही? मी पेशंट बघितल्याशिवाय हे औषध पुढे देणार नाही. वडील कुठे आहेत?"

वारले, एवढाच शब्द. तो माझ्या ओठांवर होता. खिडकीतून बाकडं दिसत होतं, आणि खिडकी उघडी असल्याने ती शिट्टी आतपर्यंत येत होती. त्या आवाजात मी मोठा झालो होतो. आमच्या घरात तो आवाज मागच्या महिन्यात थांबला होता.

"बाहेर बसलेत," मी म्हणालो.

"मग बोलवा ना."

मी दारात गेलो. "आबा," मी हाक मारली. नानांनी वर पाहिलं नाही. ती हाक आपल्याला असेल असं त्यांना कशाला वाटेल? मी पुन्हा म्हणालो, "आबा, आत या. डॉक्टर बोलवताहेत." तेव्हा त्यांनी मान वर केली आणि कितीतरी वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग बाकड्याला धरून उठले.

डॉक्टरांनी त्यांना स्टुलावर बसवलं. नळी लावून पुढून ऐकलं, पाठीवरून ऐकलं.

"हे तुमचे वडील?"

"हो."

"नाव काय आजोबा?"

नानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी आबांचं नाव सांगितलं. आबांचं, आबांच्या वडिलांचं, आडनाव, पूर्ण आणि खणखणीत, मधे श्वास न घेता. तीस वर्षं हजेरीला ते त्यांनी आपल्या नावाआधी रोज ऐकलेलं होतं.

डॉक्टरांनी औषध लिहिलं. नंतर नळी गळ्यात अडकवत ते माझ्याकडे वळले. माझा चेहरा पाहून त्यांना वाटलं असावं की मुलगा काळजीत आहे, कारण ते हसून, धीर द्यायच्या सुरात बोलले.

"घाबरू नका. छाती खराब आहे, पण हृदय उत्तम आहे. गोळी चुकवली नाही तर वडील अजून पुष्कळ वर्षं काढतील. तुम्ही नेमाने नेत राहाल ना?"

मी मनातल्या मनात माझं वय मोजलं, आणि हो म्हणालो.